एसीखालची जागा

आमच्या कारखान्यात सोल्डरिंगची चौदा टेबलं एका रांगेत होती. रांगेचं एक टोक पश्चिमेच्या पत्र्याच्या भिंतीला टेकलेलं, दुसरं शेडच्या मध्यावर, जिथे एसीचा मोठा डक्ट छतातून खाली उतरतो. नवा माणूस आला की भिंतीजवळ बसायचा. वरचं कुणी कायमचं गावी गेलं किंवा नोकरी सोडून गेलं की बाकीचे एकेक टेबल पुढे सरकायचे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. मी ट्रेनर म्हणून आले तेव्हा मला वाटलं, रांग कामाच्या प्रकारानुसार लावली असेल. रास अल खैमाच्या उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता त्या पत्र्याला हात लावून बघितला आणि रांग कशी लागते ते कळलं.

डक्टच्या बरोबर खालचं टेबल मामांचं होतं. मामा कुडाळकडचे, वय अठ्ठावन्न. गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद पडल्यावर शारजाला रोल्लाच्या एका दुरुस्तीवाल्याकडे काही वर्षं काढली आणि मग इथे आले. भिंतीपासून डक्टपर्यंत यायला त्यांना बारा वर्षं लागली होती. नेपाळी, मल्याळी, फिलिपिनो, सगळे त्यांना मामाच म्हणत. फिलिपिनो मुलींना तर ते त्यांचं नावच वाटायचं. मीही मामाच म्हणायचे. ते मला मॅडम म्हणत नसत. मी शिकवते, म्हणून बाई.

मी स्वतः भोसरीच्या एका कंपनीत चार वर्षं हाताने सोल्डरिंग केलंय. मग तपासणी केली, मग शिकवायला लागले. आता शारजाच्या अल नहदात राहते आणि रोज तासभर गाडी चालवून उत्तरेला येते. माझा नवरा उलट्या दिशेला दुबईत जातो आणि आमच्या दोघांत जास्त ट्रॅफिक त्याच्या वाट्याला येतो. तो त्याबद्दल बोलतो. मी बोलत नाही, कारण माझा रस्ता खरंच मोकळा असतो.

गेल्या वर्षी कंपनीला युरोपातलं गिऱ्हाईक मिळालं आणि शिसं बंद झालं. जुनं सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं यांचं मिश्रण. ते लवकर वितळतं, पाण्यासारखं पसरतं, थंड झालं की चकाकतं आणि छोट्या चुका पोटात घालतं. नव्यात शिसं नाही. कथीलच जास्त, थोडी चांदी, थोडं तांबं. ते पस्तीसेक अंश जास्त तापवल्याशिवाय वितळत नाही, वितळलं तरी पसरायला आढेवेढे घेतं, आणि सांधा चांगला झाला तरी मळकट दिसतो. ज्यांनी तीस वर्षं चकाकी बघून काम केलं त्यांना हे शिकवणं म्हणजे पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांना शिकवणं. हे मी प्रत्येक वर्गात सांगायचे. हे वाक्य मला फार आवडायचं, आणि पुढे झालेल्या गोंधळात त्याचाही हात होता.

परीक्षेचे नियम सोपे होते. आपलं टेबल, आपली इस्तरी (सोल्डर वितळवायच्या तापत्या दांडीला आमच्याकडे सगळे आयर्न म्हणतात, मामा इस्तरी म्हणत), आणि एक पॉवर बोर्ड. त्या बोर्डवर जाड तांब्याचे बारा सांधे. सुट्या भागाचा तारेसारखा पाय भोकातून वर आलेला असतो, आपण एका बाजूने सोल्डर देतो आणि ते भोकातून चढून पलीकडच्या बाजूला दिसलं पाहिजे. भोक निदान तीन-चतुर्थांश भरलं पाहिजे. बारापैकी बारा. तीन संधी. तिन्हींत नापास झालेला माणूस पॅकिंगला जाणार. कारखान्याने हे सगळ्यांना लिहून दिलं होतं आणि सही माझी लागणार होती.

मामा पहिल्या संधीत चार सांध्यांवर नापास झाले.

त्यांनी काम केलेल्या बाजूने बघितलं तर सांधे देखणे होते, सगळे एका मापाचे, जणू साच्यातून काढलेले. बोर्ड उलटा केला की चार भोकं अर्धी रिकामी. याच परीक्षेत भिंतीजवळची नवी पोरं, ज्यांना काम लागून वर्षही झालं नव्हतं, पहिल्या फटक्यात पास झाली होती. मी निष्कर्ष काढायला वेळ लावला नाही. वय झालंय, जवळचं नीट दिसत नाही, सोल्डर पूर्ण चढायच्या आत हात उचलतात. मी त्यांच्या फाईलमध्ये लिहिलं, दृष्टी तपासून घ्यावी. त्यांनाही तेच सांगितलं.

ते म्हणाले, "माका सगळा दिसता, बाई." मालवणीत बोलले म्हणजे राग आलाय, एवढं मला तोवर कळत होतं.

तरी पुढच्या रविवारी बस पकडून रोल्लाला गेले. तिथे त्यांच्या गावचा एकजण राहतो, त्याच्या ओळखीच्या दुकानातून चष्मा करून आणला. नंबर होता, पण थोडाच. त्या वयात असतोच. मलाही आहे.

दुसरी संधी पंधरा दिवसांनी होती. आदल्या दिवशी मी घरी जेवताना विषय काढला. एका माणसाला कदाचित नापास करावं लागेल आणि तो मनाने पॅकिंगला जाणार नाही, गावी निघून जाईल, असं म्हणाले. मुलीने ताटातून मान वर न करता सांगितलं, "देन फेल हिम, मम्मा. रूल इज अ रूल." ती पंधरा वर्षांची आहे. पंधराव्या वर्षी मीही असंच बोलले असते, फक्त मराठीत.

मामा नवा चष्मा लावून बसले. या वेळी त्यांनी घाई अजिबात केली नाही. मी घड्याळ बघत होते, प्रत्येक सांध्याला मी सांगितलेला वेळ पुरेपूर दिला. बोर्ड उलटा केला. पाच रिकामी. आधीपेक्षा एक जास्त.

त्यांनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी माझ्यासमोर सरकवली.

"घ्या. आता डोळेपण नवीन, तरी पाच."

दोनदा नापास झालेल्या माणसाला मी त्याच्याच जागेवर बसून एक सांधा करून दाखवते. ही माझी जुनी पद्धत आहे. शब्दांनी जे जात नाही ते हात बघून जातं. मामा उठायला तयार नव्हते, पण उठले. मी बसले, कोरा बोर्ड आणि त्यांचीच इस्तरी घेतली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा हिंदीत एकेक पायरी बोलत सांधा केला आणि बोर्ड उलटा केला.

भोक अर्धं रिकामं.

शेजारच्या टेबलावरची नेपाळी मुलगी एकदम स्वतःच्या कामात गढून गेली. मी दुसरा सांधा केला, या वेळी न बोलता. तोही तसाच. पाठीमागून मामांचा आवाज आला, अगदी सभ्य.

"बाई, चष्मा देऊ?"

दोन टेबलांपलीकडे कुणीतरी खोकल्याचं निमित्त केलं. मी बोर्ड उचलला, इस्तरीचा अख्खा स्टँड उचलला आणि ट्रेनिंगच्या खोलीत गेले. मला राग आला होता, आणि माझा राग कामाला लावला तर उपयोगी पडतो. दार लावून तोच बोर्ड, तीच इस्तरी, तीच सोल्डरची तार. तीन सांधे केले. तिन्ही भोकं काठोकाठ भरली. स्टँड उचलून परत मामांच्या टेबलावर. सगळे बघतायत ते बघू दिलं. दोन सांधे केले, दोन्ही रिकामे. टोकाचं तापमान मोजलं, बरोबर होतं. म्हणजे हात तोच, डोळे तेच, सामान तेच. फक्त जागा वेगळी.

मी हात थांबवला. इस्तरीच्या टोकाला लागलेल्या फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरच्या तारेतल्या राळेचा धूर निघत होता आणि तो वर जात नव्हता. टेबलाला समांतर, माझ्या उजवीकडून डावीकडे, सरळ आडवा धावत होता. ट्रेनिंगच्या खोलीत तो नाकात जात होता, म्हणून मी मान बाजूला करत होते. इथे मान बाजूला करायची गरजच पडली नव्हती.

पुसायच्या कागदाची एक पट्टी फाडून चिमट्यात धरली आणि बोर्डवर लटकवली. पट्टी दोरीवर वाळत घातलेल्या रुमालासारखी फडफडायला लागली.

डक्टची थंड हवा सरळ बोर्डवर पडत होती. जाड तांबं आधीच उष्णता ओढून घेतं, त्यात वरून वारा. इस्तरीच्या बाजूला सोल्डर वितळायचं, पण भोकाच्या पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत तांबं निवलेलं असायचं. शिशाच्या दिवसांत हे कळलं नाही, कारण ते सोल्डर एवढ्यातेवढ्याला नडायचं नाही. आणि दुसऱ्या संधीच्या आदल्या आठवड्यात एसीवाल्यांनी फिल्टर धुतले होते, हवेचा जोर वाढला होता, म्हणून चाराचे पाच झाले होते. भिंतीजवळच्या पोरांची नजर तरुण होती म्हणून ती पास झाली नव्हती. त्यांची भिंत गरम होती.

मी रजिस्टर काढून बघितलं. डक्टच्या आसपासच्या तिघांपैकी मामा नापास होते आणि उरलेले दोघे जेमतेम पास होते. रांग तीच, आकडे डक्टपासून भिंतीकडे सुधारत जाणारे. हे कागद पंधरा दिवस माझ्याच कपाटात होते. मी ते माणसांच्या वयाप्रमाणे वाचले होते. टेबलांप्रमाणे वाचायचं सुचलं नव्हतं.

मला वाटलं, प्रश्न सुटला. सुपरवायझर मल्याळी आहे, चांगला माणूस, त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर चार शब्दांत असतं. तो म्हणाला, "मॅडम, शिफ्ट करो उसको. यल्ला, खलास." म्हणजे चला, संपलं. मी मामांकडे गेले, कारण सांगितलं आणि तिसऱ्या संधीसाठी भिंतीजवळचं टेबल देते म्हणाले.

ते नाही म्हणाले.

मला आधी वाटलं, त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं. ते म्हणाले, भिंतीजवळ त्यांनी दोन उन्हाळे काढलेत. तिथून इथे यायला बारा वर्षं लागली, दर खुर्ची कुणीतरी गेल्यावर मिळाली. आता बाईंनी उठवून पुन्हा पोरांत नेऊन बसवलं, तर संध्याकाळी कामगारांच्या कॅम्पात जेवायला बसल्यावर लोक काय म्हणतील? आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली की दुसऱ्या नंबरवरचा तिथे बसणार. तो पंधरा दिवसांपासूनच चेहऱ्यावर सहानुभूती घेऊन फिरत होता.

मी म्हणाले, तिसरी संधी शेवटची आहे. ते म्हणाले, माहीत आहे. मी म्हणाले, या जागेवर मी पण नापास झाले, तुम्ही होणारच. ते म्हणाले, होऊ दे, पण उठून पास होणार नाही.

मग मी जे बोलले ते मला आजही योग्य वाटत नाही, पण बोलले.

"पॅकिंगमध्येही एसी आहे, मामा. तिथे थेट डक्टखाली टाकायला सांगते तुम्हाला."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. तिसऱ्या संधीला चार दिवस उरले होते. त्यांना समजवायला कुणाला पाठवावं असा विचार आला आणि मी तो सोडून दिला. ज्याला कारण समजलेलं आहे त्याला समजवायचं तरी काय?

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये आले तर सगळे बाहेर आणि मामा एकटे टेबलावर. पॅकिंगमधून कार्टनचा पुठ्ठा आणून त्यांनी बोर्डाभोवती तीन बाजूंनी कुंपण उभं केलं होतं. वाऱ्यात चूल पेटवताना करतात तसं. चष्मा लावलेला होता. मला बघितलं, पण थांबले नाहीत. सहा सांधे करून बोर्ड उलटा केला, भिंगातून एकेक बघितला आणि बोर्ड माझ्या दिशेने धरला. सहाच्या सहा भरलेले.

"हे लावून परीक्षा देतो," ते म्हणाले.

मी कुंपण उचललं. सोल्डरिंगच्या टेबलावर साधा पुठ्ठा चालत नाही. त्यावर स्थिर वीज साठते, नाजूक चिप मरते आणि मेलेली दिसतही नाही. हे मीच त्यांना पहिल्या वर्गात शिकवलं होतं आणि त्यांनी तेव्हा लिहून घेतलं होतं. त्यांनाही ते माहीत होतं. त्यांनी वाद घातला नाही. पुठ्ठा माझ्या हातून घेतला, त्याची घडी केली आणि वर डक्टकडे बघितलं. माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. पण चाळीस वर्षं हाताने काम केलेला माणूस दुसऱ्याच्या हातची परीक्षा मान्य करत नाही, स्वतः करून बघतो. मीही दोनदा स्टँड उचलून फिरले होतेच की.

"उठतो," ते म्हणाले. "पण एकटा उठणार नाही. इथली तिन्ही टेबलं उठली पाहिजेत. वारा काय माझ्यावरच पडतो?"

"आणि त्या जागेवर?"

"काहीतरी ठेवा. माणूस नको."

मी विचार केला, हे बरोबर आहे. मानापमान बाजूला ठेवून बघितलं तरी बरोबर होतं. मी त्यांना एकट्याला हलवणार होते, म्हणजे तिथे दुसरा माणूस बसला असता आणि पुढच्या वर्षी मी त्याचे डोळे तपासायला लावले असते. जागा सदोष आहे हे कळूनही मी माणूसच बदलायला निघाले होते. सुपरवायझरला सांगितलं, तो कुरकुरला, कारण रांग हलवायची म्हणजे वायरिंग हलवायचं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेन्टेनन्सवाल्यांनी तीन टेबलं भिंतीच्या बाजूला नेली आणि डक्टखाली रिकाम्या ट्रेंचं रॅक उभं केलं. शेडमधली सगळ्यात थंड जागा आता प्लॅस्टिकच्या ट्रेंना आहे. दुसऱ्या नंबरवरच्या माणसाच्या चेहऱ्यावरची सहानुभूती त्याच संध्याकाळी उतरली.

तिसरी संधी गुरुवारी सकाळी. मामांनी कपाळाला पंचा गुंडाळला होता, घाम बोर्डवर पडू नये म्हणून. नेपाळी मुलीने भिंतीकडे छोटा पंखा आणून ठेवला, तो त्यांनी परत पाठवला. आता त्यांना वारा म्हटलं तरी नको होता. बारा सांध्यांना जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. मी जवळ उभी राहिले नाही.

बोर्ड माझ्याकडे आला तेव्हा अकरा भोकं नीट भरलेली होती. बारावं काठावर होतं. मी भिंगाखाली धरलं, दिवा फिरवला, पुन्हा धरलं. तीन-चतुर्थांश असावं. कदाचित किंचित जास्त. मला ते पास व्हायला हवं होतं, आणि ज्याला हवं असतं त्याने मोजू नये. मी बोर्ड तपासणीतल्या फिलिपिनो बाईंकडे नेला. त्यांनी कुणाचा बोर्ड म्हणून विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांनी मायक्रोस्कोपखाली ठेवला, कॉफीचा घोट घेतला, मोजला, आणि पास लिहिलं.

मी येऊन मामांना सांगितलं. ते म्हणाले, बारावा जरा लवकर सोडला, घाम डोळ्यात गेला. मला भिंगाखाली दिसलं ते त्यांच्या हाताला कळलं होतं.

हे इथेच संपवता आलं असतं. माणूस पास झाला, रांग सुधारली, आणि भिंतीकडे आता एक्झॉस्ट बसवलाय, त्यामुळे तिथे आधीएवढं गरमही होत नाही. पण फाईलमध्ये दोन नापास आणि दृष्टीबद्दलचा शेरा तसाच होता. आमच्या क्वालिटी मॅनेजरना वाटलं, तो तसाच राहू द्यावा. माणूस पास आहे, हबीबी, कशाला उकरून काढता, गिऱ्हाइकाचा ऑडिटर ट्रेनरची चूक वाचेल. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण पुढच्या वर्षी मामांचं पुन्हा प्रमाणपत्र करायची वेळ येईल आणि तेव्हा मी इथे नसेन तर जी कुणी असेल ती फाईल उघडेल, अठ्ठावन्नच्या पुढचा माणूस बघेल, शेरा बघेल आणि तिलाही निष्कर्ष काढायला वेळ लागणार नाही.

म्हणून मी एक पान जोडलं. पहिल्या दोन परीक्षा कामाच्या जागेवरच्या हवेमुळे अग्राह्य. दृष्टीबद्दलचा शेरा चुकीचा, कारण न तपासता लिहिलेला. ट्रेनरची चूक. खाली माझी सही. आमच्या फॉर्मवर ट्रेनरच्या सहीशेजारी कामगाराच्या सहीचं घर असतं, म्हणून पान घेऊन मामांकडे गेले. इंग्रजीत होतं, त्यांनी मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. शेरा चुकीचा, इथपर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं आणि तेवढं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

मग पेन पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

"चूक तुमची ना?"

"माझी."

"मग तुमचीच सही पुरे."

ते इस्तरीकडे वळले. मी पेनाला टोपण लावलं आणि फाईल बंद केली. ऑडिटर आला तेव्हा त्याने ते रिकामं घर बघून विचारलंच, इथे सही का नाही. मी सांगितलं, कामगाराने नाकारली, त्याच्या मते गरज नव्हती. त्याने पान पुन्हा एकदा वरपासून वाचलं, डक्टखालच्या ट्रेंच्या रॅककडे बघितलं, आणि पुढची फाईल मागितली.